गेंट, व्हाया नोव्हारा

गेंटच का, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात इतक्या जणांनी विचारला की मी उत्तरं वाटून ठेवली होती. पाववाल्याला सांगायचं, कालव्यांचं शहर आहे. बाळाच्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं, सपाट आहे, बाबागाडीला सोपं. खरं कारण मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. ते असं की, बेल्जियममधल्या या गावाबद्दल आमच्या इमारतीत कुणालाच काही मत नव्हतं. पॅरिसबद्दल सगळ्यांना होतं. व्हिएन्नाबद्दल होतं. लिस्बनमध्ये तर वरच्या मजल्यावरच्या पाउतास्सोबाईंच्या भाचीचं पाकीट मारलं गेलं होतं, त्यामुळे अख्खा पोर्तुगाल आमच्या जिन्यात कायमचा बाद झाला होता. गेंट तेवढं कोरं होतं.

ते दोन दिवस कोरं राहिलं.

पण आधी संताचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा आहे. आमच्याकडे प्रत्येक शहराला आपापलं ग्रामदैवत असतं. त्या संताच्या दिवशी ते शहर बंद, शेजारचं चालू. आमच्या तुरीनचा संत म्हणजे सान जोव्हान्नी, चोवीस जूनचा. नवं कॅलेंडर हाती आलं की तुरीनचा माणूस आधी जोव्हान्नी कुठल्या वारी येतोय ते बघतो, मग स्वतःचा वाढदिवस. रविवारी आला तर घरात सुतक. गुरुवारी आला तर मात्र दिवाळी, कारण संत आणि शनिवार यांच्यामध्ये सापडलेल्या बिचाऱ्या शुक्रवारावर पूल टाकून सरळ पलीकडे जायचं. या पुलांवर आमचा देश उभा आहे. त्या वर्षी जोव्हान्नी गुरुवारी आला होता. एत्तोरेच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जुन्या कंपनीत तर अशा शुक्रवारी दाराला कुलूपच लागायचं. रजा मागावी लागते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे रजा संत देतो, साहेब नाही.

आणि मला ते चार दिवस हवे होते. हौस म्हणून नव्हे. एप्रिलपासून एत्तोरेने रेल्वेने तासाभरावरच्या नोव्हारा शहरात एका नळांच्या कारखान्यात नवी नोकरी धरली होती. आमची लेक आगाता उठायच्या आत तो गाडीला पळायचा आणि ती झोपल्यावर घरी यायचा. शनिवार-रविवार त्याच्या आईच्या घरी काहीतरी गळत असायचं. नळवाल्या कंपनीत मुलगा लागला म्हटल्यावर सासूबाईंच्या घरातले सगळे नळ एकदम आजारी पडले होते. परिणाम असा झाला की अकरा महिन्यांच्या आमच्या लेकीला एकच शब्द येत होता, ‘बाबा’, आणि तो ती सढळ हाताने वाटत होती. पोस्टमनला बाबा. कॉफीच्या किटलीला बाबा. सगळ्यांत लाडाने म्हणायची ती पहिल्या मजल्यावरच्या गीगो इंजिनियरसाहेबांना. ते रोज सकाळी आमच्यासाठी फाटक धरून उभे राहत आणि ‘बाबा’ ऐकून त्यांच्या मिशा फुलत. एत्तोरेकडे मात्र ती, विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघायची.

एत्तोरे हसण्यावारी न्यायचा. पण एका रविवारी मी अंघोळीहून आले तर तो तिच्यासमोर मांडी घालून बसला होता, हातात स्वतःचाच फोटो, आणि हळू आवाजात म्हणत होता, “हा बाबा. हा. बघ.” ती फोटोचा कोपरा चावत होती. मी पुन्हा न्हाणीघरात गेले आणि उगाच पाणी सोडून उभी राहिले. सप्टेंबरपासून मीही नोकरीवर जाणार होते. तेव्हा या जोव्हान्नीला आम्ही तिघंच कुठेतरी जायचं. चौथं कुणी नको, हे मी त्या वाहत्या पाण्याला साक्षी ठेवून ठरवलं.

तिसऱ्या दिवशी इमारतीला गेंटबद्दल मत झालं.

पाउतास्सोबाईंचं म्हणणं, त्या बाजूला वारा फार. वारा म्हणजे साधा वारा नव्हे, मानेला लागणारा वारा. आमच्याकडे माणसं म्हातारपणाने मरत नाहीत, मानेला वारा लागून मरतात. त्यांनी आगातासाठी जूनमध्ये लोकरीचा गळपट्टा विणायला घेतला. इंजिनियरसाहेबांना विमानतळांची भारी माहिती. स्वतः ते सैन्यातल्या सक्तीच्या वर्षानंतर तुरीनबाहेर झोपलेले नाहीत, पण डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान कुठून कुठे चाललंय ते फोनवर बघून सांगतात. आमच्या विमानाची वेळ, त्याच्या पंखांची जात आणि ब्रुसेल्सला ते कुठल्या बाजूने उतरेल हे त्यांनी मला फाटकात उभं करून समजावलं. एत्तोरेपेक्षा त्या सहलीची जास्त माहिती त्यांना होती.

सासूबाईंचा आक्षेप मात्र मूलगामी होता. पहिला मुद्दा आयोडीनचा. मुलाने पहिल्या उन्हाळ्यात समुद्राचं आयोडीन घेतलं नाही तर हाडं कच्ची राहतात, आणि लोआनोला समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्यांची स्वतःची खोली असताना परदेशात जाऊन बिनआयोडीनचं पाणी बघायचं म्हणजे काय? मी म्हटलं, चारच दिवस आहेत. तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. रविवारच्या जेवणात सासूबाईंनी चमचा खाली ठेवला की घरात मोबाइलसुद्धा वाजत नाहीत.

“अगं लिद्या, तिथे बिडे नसतो.”

बिडे म्हणजे संडासाशेजारचं धुण्याचं भांडं. ते नसलेल्या घरात आमच्याकडे मुलगी देत नाहीत. एत्तोरेसुद्धा विचारात पडलेला मला दिसला. मी ठामपणे म्हटलं, आम्ही बघून घेऊ. पण माझ्याच मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग सरकारी भाग. देशाबाहेर जायचं तर अकरा महिन्यांच्या माणसालाही स्वतःचं ओळखपत्र लागतं, आणि ते काढायला आई आणि बाप दोघं जातीने हजर लागतात. एत्तोरेसाठी शनिवारची वेळ मिळवायला मी जेवढे फोन केले तेवढे लग्न ठरवताना केले नव्हते. फोटोचे नियम असे: डोळे उघडे, तोंड बंद, चेहरा सरळ, मागे पांढरं, कुणाचा हात दिसता कामा नये. पहिल्या फोटोत जीभ बाहेर. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसरा छान आला, पण मान धरणारा एत्तोरेचा अंगठा तिच्या कानामागून तिसऱ्या कानासारखा डोकावत होता. खिडकीवरचा कारकून चष्मा दोरीला लटकवलेला, सज्जन आणि निर्दय. त्याने तिन्ही फोटो परत सरकवले आणि म्हणाला, मुलीच्या चेहऱ्यावर भाव आहेत, निर्विकार चेहरा हवा.

निर्विकार चेहरा मिळवायचा उपाय आमच्या घरातच होता. मी तिच्यासमोर एत्तोरेला उभं केलं. फोटो एका झटक्यात मिळाला.

दुसऱ्या शनिवारी कारकुनाने शिक्का उचलला आणि नियमाप्रमाणे विचारलं, वडील हजर आहेत का? आगाताने दोन्ही हात पसरून काचेवर झेप घेतली आणि त्याला म्हणाली, “बाबा.”

मागची रांग मनापासून हसली. कारकुनाने चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग एत्तोरेकडे, आणि त्याचं ओळखपत्र दुसऱ्यांदा मागितलं. जिना उतरून खाली आल्यावर एत्तोरे एवढंच म्हणाला, “गेंटमध्ये बघून घेतो मी तिला.” मुलीला अशी धमकी देणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्या क्षणी मला तो फार आवडला.

तेवढ्यात सासूबाईंनी तिकीट काढलं. आमच्याच विमानाचं. बाळाला सांभाळायला, म्हणाल्या, म्हणजे तुम्हा दोघांना फिरता येईल. आता, मला दोघांनी फिरायचंच नव्हतं हे त्यांना कोण सांगणार? एकट्या बाईने परक्या खोलीत झोपणं बरं नाही, म्हणून पाउतास्सोबाईंनीही तिकीट काढलं. सामानात सासूबाईंनी एक निळं प्लास्टिकचं टमरेल घेतलं आणि मला आश्वासक डोळा घातला. तिघांची सहल पाच जणांची झाली होती. मी स्वतःला समजावलं, म्हाताऱ्या लवकर झोपतात.

बुधवारी संध्याकाळी बॅग भरून दाराशी ठेवली होती. तिच्यात न मावलेले तिघांचे रेनकोट वर घडी करून ठेवले होते. पाववाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. तुळशीच्या कुंडीला पाणी घालायला इंजिनियरसाहेबांकडे किल्ली दिली होती. सासूबाई आणि पाउतास्सोबाई आमच्याच दिवाणखान्यात बसून गळपट्ट्याची शेवटची गाठ मारत होत्या. एत्तोरे आला तो दारातच उभा राहिला.

“लिद्या, नोव्हाराचा संत वेगळा आहे.”

मी म्हटलं, असेल, मग?

“सान गाउदेन्त्सियो. बावीस जानेवारी.”

झालं होतं असं. निघताना त्याने रुबाबात साहेबांना, झानेत्तांना, सांगितलं, आता भेटू सोमवारी. झानेत्ता म्हणाले, कुठे निघालात? हा म्हणाला, उद्या सान जोव्हान्नी. ते म्हणाले, जोव्हान्नी तुमच्या घराचा, इथे उद्या जर्मन गिऱ्हाईकं यायची आहेत आणि परवा त्यांना कारखाना दाखवायचा आहे. आमचा संत जानेवारीत येतो, बर्फ घेऊन. आणि नोकरी नवी असल्यामुळे रजेचं नावही काढायची सोय नव्हती.

नोकरी बदलली की पगार बदलतो, साहेब बदलतो, गाडीची वेळ बदलते, हे मला ठाऊक होतं. देवही बदलतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढी माहिती पुरवणाऱ्या या इमारतीत, एकालाही एवढं सुचू नये?

मी रडले नाही. गळपट्टा हातात घेऊन बसून राहिले. सासूबाईंनी परिस्थिती ताब्यात घेतली. म्हणाल्या, तिकिटं वाया घालवणं पाप आहे, तेव्हा त्या दोघी जाऊन येतील. आणि घरची लाज घरात राहील, पाउतास्सोबाई बेल्जियमला पोचेपर्यंत तोंड उघडणार नाहीत. पाउतास्सोबाईंनी तोंड घट्ट मिटून मान डोलावली. त्यांना ते किती जड जात होतं ते दिसत होतं.

पण लाज अशी घरात राहत नाही. सकाळी मला कळलं की आपण चार दिवस घराबाहेर पडू शकत नाही. सगळ्या गल्लीच्या मते मी गेंटमध्ये होते. पडदे ओढून, दिवे न लावता, लेकीला गप्प बसवत राहायचं? आणि कुंडीला पाणी घालायला किल्लीने दार उघडून इंजिनियरसाहेब आत आले म्हणजे? एत्तोरे बूट घालत होता. मी म्हटलं, थांब, आम्हीही येतो. कुठे? नोव्हाराला. तिथे माझ्या ओळखीची चिमणीसुद्धा नाही.

तर बॅग, बाबागाडी, जूनच्या उन्हात अंगावर रेनकोट, अशी आमची वरात खाली उतरली. इंजिनियरसाहेब फाटक धरून उभे होते. “बाबा,” आगाता म्हणाली, अर्थात त्यांना. एत्तोरे मागे बॅग ओढत होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं, जिथून आमचं विमान केव्हाच गेलेलं होतं. मग बॅगेकडे. आणि खऱ्या सभ्य माणसासारखे म्हणाले, “गेंटला माझा नमस्कार सांगा.”

नोव्हाराला पोचल्यावर एत्तोरे कारखान्यात गेला आणि मी संताला जाब विचारायला गेले. त्याचं देऊळ मोठं आहे, घुमट इतका उंच की खालच्या माणसाला आपली तक्रार लहान वाटावी. तो स्वतः चांदी-काचेच्या पेटीत निवांत पहुडलेला. मी त्याला म्हटलं, जानेवारीत कोण सहलीला जातं हो? वर्षाचे एवढे दिवस मोकळे होते, तुम्हाला थंडीतलाच सापडला? त्याने काही उत्तर दिलं नाही. संतांचं हे बरं असतं. आगाताने त्याला ‘बाबा’ म्हटलं. मी तिला ताबडतोब बाहेर काढलं.

दुपारी कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर आम्ही एत्तोरेची वाट बघत बसलो. जेवणाच्या सुट्टीत तो पाव घेऊन आला आणि आगाताचा निसटलेला मोजा चढवायला बाबागाडीपुढे गुडघ्यावर बसला. नेमके त्याच वेळी झानेत्तासाहेब जर्मन मंडळींना जेवायला घेऊन बाहेर पडले. आता त्यांना काय दिसलं असेल ते बघा: दमलेली बायको, बाबागाडीत तान्हं मूल, शेजारी भरलेली बॅग, आणि आपला नवा माणूस भर रस्त्यात गुडघ्यांवर. त्यांनी गिऱ्हाईकांना पुढे पाठवलं आणि एत्तोरेला बाजूला घेतलं. मला सगळं ऐकू येत होतं, एत्तोरेला आडनावाने मारलेली हाकसुद्धा.

“रावेरा, ही तुमची बायको?”

“हो.”

“आणि बॅग तिची?”

“आमच्या सगळ्यांची आहे, साहेब.”

“तसंच म्हणायचं असतं,” झानेत्ता म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जर्मनांचं मी बघतो. तुम्ही सोमवारी या. आणि आधी फुलं घ्या. माझी निघाली तेव्हा मी घेतली नव्हती.”

एत्तोरे फुलं घेऊन आला. आपल्याला रजा का मिळाली हे त्याला अजून नीटसं उमगलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. फुलं रोज कुठे मिळतात?

घरी परतायची सोय नव्हतीच. रविवारपर्यंत आम्ही बेल्जियममध्ये होतो. स्टेशनाजवळ एक साधं लॉज होतं. मालकिणीने विचारलं, कामासाठी आलात? मी म्हटलं, सुट्टीसाठी. तिने स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं, आम्हाला बघायला. जूनमध्ये नोव्हाराला सुट्टीसाठी कुणी का येत नाही ते संध्याकाळी कळलं. गावाभोवती क्षितिजापर्यंत भाताची खाचरं, तुडुंब पाण्याने भरलेली, आणि त्यांतून उठणारे डास, प्रत्येकाला आपापलं आडनाव असावं एवढे मोठे. रेनकोट शेवटी तिथे उपयोगी पडले. बादलीभर घाम काढणाऱ्या उकाड्यात आम्ही तिघं टोप्या बांधून बांधावरून चाललो होतो. मला कालव्यांचं शहर हवं होतं. तिथे एक लांबलचक कालवा होता, त्याच्या काठाने आम्ही रोज हिंडलो, दुसरं काही नव्हतंच. मला चौथं कुणी नको होतं. बेडूक सोडले तर कुणी नव्हतं.

बेडकांनीच काम केलं. शुक्रवारी एत्तोरे तिला खांद्यावर बसवून बांधावरून नेत होता. पायाशी एक भला मोठा बेडूक उडाला आणि पाण्यात पडला. आगाता दचकली आणि एत्तोरेच्या डोक्यावर चढायला लागली. दोन्ही कान मुठीत धरले, हनुवटी केसांत खुपसली. भीती गेली तरी कान सुटले नाहीत. त्यानंतर ती डावा कान ओढायची, हा डावीकडे वळायचा. उजवा ओढायची, हा उजवीकडे. संध्याकाळपर्यंत त्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते आणि चेहऱ्यावर असा काही भाव होता की त्याचं ओळखपत्र कुठल्याच खिडकीवर मंजूर झालं नसतं.

मधूनमधून गेंटहून फोटो येत होते. बटाट्याच्या तळलेल्या कापांपुढे सासूबाई. बिअरपुढे सासूबाई. बोटीच्या टोकावर पाउतास्सोबाई, मान उघडी, केस वाऱ्यावर, गळपट्टा नाही. खाली संदेश: “बिडे नाही. टमरेल आहे. काळजी नसावी.”

रविवारी संध्याकाळी आम्ही परतलो, म्हाताऱ्यांच्या विमानाच्या आधीच. इंजिनियरसाहेब फाटकात होतेच. त्यांनी फाटक धरलं, मिशा सावरल्या आणि आगाताकडे झुकून वाट बघत उभे राहिले. मीही थांबले. ती एत्तोरेच्या कडेवर होती. तिने साहेबांकडे बराच वेळ पाहिलं, हसलीसुद्धा. मग तोंड वळवलं, एत्तोरेचा कान मुठीत धरला आणि तो शब्द त्यांच्या देखत, पण त्यांना नव्हे, त्या कानात सांगितला.

साहेबांच्या मिशा क्षणभर खाली आल्या. मला वाईट वाटलं. म्हणून मीच घाईने म्हटलं, गेंट फार सुंदर आहे, तुमचा नमस्कार सांगितला.

त्यांनी माझ्या गालांवरचे, एत्तोरेच्या मानेवरचे, आगाताच्या कपाळावरचे लाल लाल फोड एकेक करून पाहिले.

“बेल्जियममध्ये हल्ली डास फार झालेत,” ते म्हणाले. माझ्या हातातली बॅग घेतली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले आणि मागे न बघता पुढे म्हणाले, “येत्या जानेवारीत गाउदेन्त्सियो शनिवारी येतोय, म्हणजे पूल नाही. मी कॅलेंडर पाहून ठेवलंय.”